कट्टा, ओटा, पायरी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

रोजच्या वापरातील कोणत्या जागेमुळे वा वस्तूमुळे तुम्हाला बरे वाटते आणि कोणती जागा रोज थोडीथोडी छळते, असे गेल्या अंकात या सदरातून विचारले होते. आलेल्या पत्रांतून पाच निवडली आहेत. दिवाणखान्याचा रंग, पडदे किंवा छताची नक्षी यांविषयी फारच थोड्यांनी लिहिले, आणि बहुतेकांचे म्हणणे कुठे टेकावे, कुठे थांबावे, कुठे उभे राहिल्यावर पाठ दुखते याविषयी होते. माझ्या व्यवसायातील मंडळी, म्हणजे वास्तुविशारद, ज्या गोष्टींची छायाचित्रे काढून घेतात त्यांत यांपैकी काहीच नसते, हे इथेच कबूल करतो.

प्रश्न : आमची सोसायटी १९८४ सालची, तीन मजली, चोवीस सदनिकांची आहे. आता पुनर्विकास ठरला असून विकासकाने दाखवलेल्या चित्रांत बारा मजले, तळमजल्यावर पार्किंग आणि गच्चीवर जिम व क्लब हाऊस आहे. सध्याच्या इमारतीच्या दारासमोर चार रुंद पायऱ्या आहेत. गेली चाळीस वर्षे आम्ही बायका संध्याकाळी तिथे बसतो, भाजी निवडतो, शाळेची गाडी येईपर्यंत थांबतो. नव्या इमारतीत या पायऱ्या कुठे असतील, असे मी सभेत विचारले तेव्हा सगळे हसले. माझे मागणे खरोखरच हास्यास्पद आहे का?
– एक सभासद, पुणे

उत्तर : हसणाऱ्यांपैकी निम्मे जण त्याच पायऱ्यांवर लहानाचे मोठे झाले असतील, अशी मला दाट शंका आहे. तुमचे मागणे हास्यास्पद तर नाहीच, उलट त्या सभेत विचारला गेलेला बहुधा तो सर्वांत नेमका प्रश्न असावा. मात्र तो नुसता आठवणींच्या भाषेत मांडला तर पुन्हा हसू होईल, म्हणून जरा तपशिलात शिरतो.

त्या पायऱ्यांवर तुम्ही बसता याचे पहिले कारण म्हणजे त्या वाटेवर आहेत. तिथे जायचे ठरवावे लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत, कोणाला बोलवावे लागत नाही. दुसरे कारण असे की तिथे बसायला निमित्त आहे. हातात मेथीची जुडी असली किंवा गाडीची वाट पाहायची असली की एकटीने बसलेल्या बाईलाही अवघडल्यासारखे होत नाही. आणि तिसरे, कदाचित सर्वांत महत्त्वाचे, कारण हे की वाटेल तेव्हा उठता येते. पाहुणी म्हणून कोणाच्या घरी गेल्यावर चहा होईपर्यंत थांबावे लागते, तसे पायरीवर होत नाही. गच्चीवरच्या क्लब हाऊसला यांतले एकही कारण लागू पडत नाही. तिथे मुद्दाम जावे लागते, किल्ली वॉचमनकडे असते, वहीत सही करावी लागते आणि दोन वर्षांत त्या खोलीत वाढदिवसाच्या समारंभांखेरीज दिवा लागत नाही.

हे केवळ माझे निरीक्षण नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६१ च्या नियमावलीनुसार इमारतीपुढे मोकळे पटांगण सोडणाऱ्या विकासकांना जादा बांधकामाची परवानगी मिळू लागली. पटांगणे पुष्कळ झाली, पण त्यांतली बरीचशी ओस पडली. विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात आपल्या सहकाऱ्यांसह कॅमेरे लावून, तासन्‌तास माणसे मोजून, लोक कुठे थांबतात आणि कुठून नुसते निघून जातात ते पाहिले. ऊन, पटांगणाचा आकार, इमारतीचे सौंदर्य अशी कारणे त्यांनी एकेक करून तपासली. सर्वांत अधिक उलगडा ज्याने झाला ते कारण इतके साधे होते की त्यांनाच त्याचा संकोच वाटावा. जिथे बसायला जागा होती तिथे लोक बसत होते. या अभ्यासानंतर १९७५ मध्ये शहराने नियम बदलले आणि दर तीस चौरस फूट पटांगणामागे एक फूट लांबीची बैठक देणे बंधनकारक केले. त्यांचे आणखी एक निरीक्षण मला फार आवडते. सुटी खुर्ची असेल तर माणूस बसण्यापूर्वी ती चार बोटे तरी सरकवतोच, मग त्या सरकवण्याने काही साधो वा न साधो. आपल्याकडे पंगतीत बसण्यापूर्वी पाट जरासा सरकवतात, त्यातलाच हा प्रकार. जागा आपली करून घेण्याची ती रीत आहे.

आपल्याला हे कळण्यासाठी न्यूयॉर्कला जायची गरज नव्हती, कारण आपल्या भाषेतच ते साठलेले आहे. गावात झाडाभोवती पार असतो, कोकणातल्या घराला पडवी, वाड्याला देवडी आणि ओसरी, गोव्यातल्या घराच्या दाराशी समोरासमोर दोन बैठका असलेले बाल्कांव. घर आणि रस्ता यांच्या मधोमध असलेल्या, धड खासगी नाही आणि धड सार्वजनिक नाही अशा या जागा आहेत. दादरच्या शिवाजी पार्कभोवतीची बुटकी भिंत तर मैदानाची हद्दच काय ती दाखवते, पण तिची उंची बसण्याजोगी निघाली आणि तिचा कट्टा झाला. मराठीत ‘कट्टा’ म्हणजे बसायची जागा आणि तिच्यावर बसणारी मंडळीही. एकाच शब्दात दोन्ही सामावलेली आहेत, यावरून जागा नसेल तर मंडळीही उरत नाहीत हे ज्यांनी ओळखले ते भाषा बोलणारे सामान्य लोकच होते.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. जुने ते सगळे सोने, असे मी म्हणत नाही. मुंबईतल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. एकेका इमारतीत ऐंशी खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची आणि शौचालये मजल्यावर सामाईक. तिथे जन्म काढलेल्या बाईला स्वतःचे न्हाणीघर हवे असेल तर तिला चाळीतल्या आपुलकीवर प्रवचन देण्याचा अधिकार माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला नाही. त्या चाळींच्या पुनर्विकासात १६० च्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळते, ते तिला मिळालेच पाहिजे. माझा मुद्दा निराळा आहे. करारनाम्यात कार्पेट क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, मोजले जाते, विकासकाकडून मिळणारा कॉर्पस निधी मोजला जातो, वाहनतळ मोजला जातो, पण जिन्याचा चौथरा, गॅलरीचा कठडा, दारासमोरची पायरी कोणीच मोजत नाही. जे मोजले गेले नाही ते गेले, हे लक्षात यायलाही मग चार-पाच वर्षे जातात.

ती जागा मोजून, ठरवून देता येते, याचे चांगले उदाहरण नवी मुंबईत बेलापूरला आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात तिथे आर्टिस्ट्स व्हिलेज नावाची वसाहत उभी केली. सात घरे मिळून साधारण आठ मीटर लांब-रुंद असे एक अंगण आणि अशी तीन टोळकी, म्हणजे एकवीस घरे, मिळून बारा मीटरचे मोठे अंगण अशी तिची रचना आहे. घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत, त्यामुळे ज्याला जसे जमेल तसे घर वाढवता यावे. पुढे रहिवाशांनी ते इतके मनावर घेतले की पुष्कळ मूळ घरे पाडून तिथे बंगले झाले. मूळ घरे गेली याची हळहळ वास्तुविशारदांना वाटते, ती मलाही वाटते. पण घरे बदलूनही त्यांच्यामधली अंगणे मात्र शिल्लक आहेत, आणि माझ्या मते त्या आराखड्याचे खरे यश तेच आहे.

आता तुमच्या सभेकडे वळू. पुण्याला लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत चार हजार चौरस मीटर वा अधिक क्षेत्राच्या भूखंडासाठी दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. चोवीस सदनिकांची सोसायटी सहसा याहून पुष्कळ लहान भूखंडावर असते, म्हणजे नियम तुमच्या मदतीला येण्याची शक्यता कमी आहे. तुम्हाला जे हवे ते निविदेच्या मसुद्यात आणि पुढे करारनाम्यात शब्दांत आणि आकड्यांत लिहून घ्यावे लागेल. ‘ज्येष्ठांसाठी बसण्याची व्यवस्था’ असे मोघम लिहिले तर इमारतीच्या मागे, जनित्राच्या शेजारी, दोन लोखंडी बाकडी मिळतील.

असे लिहा : फाटकापासून लिफ्टपर्यंतच्या वाटेला लागून, छताखाली, बारा माणसांना पुरेल असा दगडी कट्टा. माणशी साठ सेंटिमीटर धरले तर त्याची एकूण लांबी सात मीटरांच्या पुढे जाते, आणि ती सरळ रेषेत न ठेवता काटकोनात वळवावी, कारण एका रांगेत बसलेली माणसे बसथांब्यावर असल्यासारखी दिसतात आणि पहिलीचे बोलणे पाचवीला ऐकू जात नाही. उंची पंचेचाळीस सेंटिमीटर, रुंदीही तेवढीच. निम्म्या भागाला पाठ आणि हात टेकवायला दांडा हवा, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसण्यापेक्षा उठणे अवघड जाते. बाजू पूर्वेची किंवा उत्तरेची असावी, म्हणजे संध्याकाळी इमारतीचीच सावली मिळेल. तिथून फाटक दिसले पाहिजे. एक दिवा, एक नळ आणि भाजीची देठे टाकायला एक टोपली जवळ असावी. हे सारे अडीच मीटर बाय पाच मीटर जागेत बसते, म्हणजे बरोबर एका मोटारीच्या जागेत. सभेत खरा वाद त्या एका मोटारीवरून होईल, त्याची तयारी ठेवा.

प्रश्न : आमच्या संकुलाच्या रस्त्याकडील भिंतीवर रात्री मुले टोळक्याने बसतात, मोठ्याने बोलतात, मोटारसायकली लावतात. भिंतीवर टोकदार दगड बसवावेत असा ठराव व्यवस्थापन समितीने मांडला आहे. मी समितीत आहे आणि माझे मत अजून ठरलेले नाही. आपण काय सुचवाल?
– एक समिती सदस्य, ठाणे

उत्तर : ठरावाच्या विरोधात मत द्या. टोकदार दगडाला माणसे ओळखता येत नाहीत. रात्री अकराला हसणारा मुलगा आणि सकाळी अकराला बाजाराची पिशवी टेकवून दम खाणाऱ्या आजी यांना तो सारखेच टोचतो. दिवसातून दोन तासांच्या तक्रारीसाठी बावीस तासांची सोय घालवणे हा वाईट व्यवहार आहे, आणि शिवाय त्या भिंतीकडे रोज पाहायचे तुम्हालाच आहे.

तक्रार खोटी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ज्यांच्या शयनगृहाची खिडकी त्या भिंतीवर उघडते त्यांची झोप मोडते, आणि तिला मोल आहे. म्हणून आधी तक्रार नेमकी करा. आवाजाची असेल तर ती वेळेची बाब आहे, ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र दहा ते सहा धरली आहे आणि तेवढ्यापुरते नियम सांगायला समितीला पूर्ण अधिकार आहे. मोटारसायकलींची असेल तर ती दोन खांब रोवून सुटेल. आणि ‘ती मुले आपली नाहीत’ अशी असेल, तर तिला दगड हा उपाय नाही. ज्या विल्यम व्हाइट यांचा वर उल्लेख केला, त्यांनी नको असलेल्या माणसांच्या भीतीने बाके काढून टाकणाऱ्या इमारतमालकांचे निरीक्षण केले होते. बाके गेल्यावर नको असलेले तर राहतातच, बाकीचे मात्र येईनासे होतात. जागा राखली जाते ती इतरांच्या वावराने, असा त्यांचा निष्कर्ष होता. भिंतीपाशी उजेड वाढवा, आणि बसण्याची दुसरी जागा शयनगृहांपासून दूर, चहाच्या टपरीच्या किंवा वॉचमनच्या केबिनच्या बाजूला करून द्या. मुले बहुधा आपण होऊन तिकडे सरकतील, कारण चार डोकी येती-जाती दिसणारी जागा त्यांनाही अधिक आवडते.

जाता जाता एक विचारतो. तुमच्या पत्रात फक्त मुलांचा उल्लेख आहे. त्याच संकुलातल्या त्याच वयाच्या मुली संध्याकाळी कुठे बसतात, याची समितीने कधी चौकशी केली आहे का? ठराव मांडायचाच असेल तर तो या प्रश्नावर मांडा.

प्रश्न : आम्ही स्वयंपाकघर नव्याने करत आहोत. माझी उंची पाच फूट एक इंच आणि माझ्या नवऱ्याची पाच फूट दहा इंच आहे. आठवड्यातले तीन दिवस स्वयंपाक तो करतो. सासूबाई अजूनही खाली बसून विळीवरच चिरतात. ओटा चौतीस इंचच करतात, सगळीकडे तसाच असतो, असे गवंडी म्हणतो. त्याचे ऐकावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गवंड्याचा आकडा वाईट नाही. मात्र तो एका कामासाठी आणि एका उंचीच्या माणसासाठी योग्य आहे, आणि तुमच्या घरात कामे चार आणि माणसे तीन आहेत.

ओट्याची उंची कोपरावरून ठरवावी. सरळ उभे राहून हात काटकोनात दुमडला की जमिनीपासून कोपरापर्यंतचे जे अंतर येईल त्याच्या सुमारे चार इंच खाली चिरण्याची पातळी असावी. पोळ्या लाटताना वरून जोर द्यावा लागतो, म्हणून ती पातळी आणखी दोन इंच खाली हवी. गॅसची शेगडीच मुळात चार-पाच इंच उंच असते, तिच्यावर पातेले चढले की आतले दिसण्यासाठी बुटक्या माणसाला टाचा उचलाव्या लागतात. म्हणून शेगडीखालचा ओटा सर्वांत खालचा असावा. भांडी घासण्याचे मात्र उलट आहे. हात सिंकच्या तळाशी जातात आणि तळ सात-आठ इंच खोल असतो, तेव्हा सिंकची कड इतर ओट्यापेक्षा वर असली तरच कंबर वाकत नाही. आपल्याकडे सगळा ओटा एकाच पातळीत, एकाच लांबलचक ग्रॅनाइटमध्ये करतात, कारण तसा तो दिसायला नेटका आणि बसवायला सोपा असतो. त्याची किंमत स्वयंपाक करणारीची पाठ तीस वर्षे देत राहते.

तुमच्या उंचीला शेगडीसाठी साधारण एकतीस आणि चिरण्या-लाटण्यासाठी तेहतीस-चौतीस इंच येतील. तुमच्या यजमानांना चिरायला जवळजवळ चाळीस इंच लागतील. त्यांच्यासाठी ओटा वाढवू नका. सहा इंच उंचीचा, भक्कम लाकडी चौरंगासारखा पाट करून घ्या, तो त्यांनी आपल्या दिवशी ओट्यावर ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी उचलावा. हे आकडे कागदावरचे आहेत. गवंड्याला बोलावण्यापूर्वी टेबलावर पुस्तके रचून त्यावर पोळपाट ठेवा, दोन दिवस पोळ्या लाटा आणि मग आकडा पक्का करा.

सासूबाईंचा विषय मला या पत्रात सर्वांत महत्त्वाचा वाटला. चूल जमिनीवर होती तेव्हा सारे स्वयंपाकघर बसून चालत असे, आणि फडताळापासून पाटा-वरवंट्यापर्यंत सगळ्या वस्तू बसलेल्या माणसाच्या हाताशी असत. गॅस आला, ओटा उंचावला, आणि खाली बसणाऱ्या बाईच्या वाट्याला ये-जा करणाऱ्यांचे पाय आले. नव्या आराखड्यात खिडकीजवळ किंवा मागच्या दाराजवळ चार फूट बाय चार फूट जमीन मोकळी सोडा, जिथून कोणी ये-जा करत नाही आणि जिथे दिवसाचा उजेड पडतो. शेजारच्या भिंतीला जमिनीपासून दोन फुटांवर एक पक्का दांडा बसवा, उठताना लागेल. खालचा एक कप्पा त्यांच्या विळीसाठी आणि परातीसाठी राखून ठेवा. ओट्याच्या अगदी वर, पुढच्या बाजूने दिवा घ्या. पाठीमागच्या भिंतीवरच्या ट्यूबलाइटचा उजेड आपल्याच अंगाने अडतो आणि कांदा सावलीत चिरावा लागतो.

प्रश्न : मी पंधरा खाटांचे लहान रुग्णालय बांधत आहे. खिडकीतून झाड दिसल्याने रुग्ण लवकर बरा होतो असे ऐकले आहे. यात तथ्य आहे की ही केवळ गोड समजूत आहे?
– एक डॉक्टर, लातूर

उत्तर : तथ्य आहे, पण ते जितके आहे तितकेच घ्यावे. रॉजर अलरिच या संशोधकाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या त्यांनी तेवीस जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांनी घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांनी. झाडे दिसणाऱ्यांनी तीव्र वेदनाशामके कमी घेतली आणि परिचारिकांच्या नोंदीत त्यांच्याविषयी कुरकुरीचे शेरे कमी होते. सेहेचाळीस माणसांचा हा अभ्यास लहान आहे, आणि त्यावरून झाड म्हणजे औषध असे कोणी म्हणू नये. पण खिडकी तुम्ही करणारच आहात. ती कुठल्या बाजूला करायची एवढाच निर्णय उरतो, आणि तो फुकट आहे. खिडकीची खालची कड खाटेवर पडलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खाली असली पाहिजे, हे मात्र पाहा. बाहेर वड असूनही रुग्णाला फक्त आभाळाचा तुकडा दिसतो, अशा खोल्या मी पाहिल्या आहेत.

पेनसिल्व्हेनियाच्या त्या अभ्यासात नसलेला एक माणूस तुमच्या रुग्णालयात असेल, तो म्हणजे सोबत आलेला नातेवाईक. आपल्याकडे रुग्ण एकटा येत नाही. बायको, भाऊ, गावाकडून आलेले वडील असे दोघे-तिघे रात्रंदिवस असतात, डबा आणतात, औषधे आणतात आणि जिन्यात झोपतात. त्यांच्यासाठी डबा खायला छताखालची जागा, हात धुवायला नळ, मोबाइलला प्लग आणि आडवे होता येईल असा रुंद कट्टा करा. पंधरा खाटांना वीस माणसांची अशी पडवी पुरेल. ती केली नाहीत तरी ती माणसे येणारच आहेत, फक्त मग ती तुमच्या मार्गिकेत बसतील आणि स्ट्रेचर अडेल.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या दोन खोल्यांच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा आनंदी दिसावी म्हणून गावकऱ्यांनी वीस हजार रुपये वर्गणी काढली आहे. सर्व भिंती रंगवून त्यांवर चित्रे काढावीत असे बहुतेकांचे मत आहे. आपले मत काय?
– एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : रंगाला माझा विरोध नाही. पण भिंतीवरचे चित्र मुले पहिल्या आठवड्यात पाहतात आणि नंतर ते दिसेनासे होते. ज्या गोष्टीला हात लावता येतो, जिच्यावर चढता येते, जिच्यात काही भरता येते, ती टिकते. दिल्लीतल्या कबीर वाजपेयी या वास्तुविशारदांनी युनिसेफच्या साहाय्याने ‘बाला’ नावाची कल्पना विकसित केली, ती तुमच्या शिक्षण खात्यातही परिचित असेल. शाळेची इमारतच शिकण्याचे साधन व्हावी, असा तिचा विचार आहे. दार जिथे उघडते तिथल्या फरशीवर कोनमापक रेखला की दार ढकलताना तीस, साठ, नव्वद अंश पायाखाली दिसतात. खर्च एका डब्याच्या रंगाचा. भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा काळा करून मुलांच्या हाती खडू दिला तर चित्रकाराची गरजच उरत नाही, आणि चित्र रोज नवे होते. वर्गणीतले निम्मे पैसे यात संपणार नाहीत.

उरलेल्या पैशांत अंगणातल्या झाडाभोवती पार बांधा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ॲमस्टरडॅममध्ये आल्डो व्हॅन आइक या डच वास्तुविशारदांनी १९४७ पासून तीस वर्षांत पडीक कोपऱ्यांवर सातशेहून अधिक क्रीडांगणे केली. त्यांत हत्ती-घोड्यांच्या आकाराची खेळणी नव्हती. रुंद कडेचा एक वाळूचा हौद, उड्या मारायला काही ठोकळे, लोंबकळायला कमानी, एवढेच. कड रुंद असल्याने एका बाजूला मुले वाळूचे लाडू थापत आणि दुसऱ्या बाजूला आया बसत. वस्तू कशाची आहे हे सांगितलेले नसल्याने ती रोज वेगळी होऊ शके. तुमचा पार मुलांसाठी किल्ला, दुकान, रंगमंच आणि परीक्षेच्या दिवशी वर्गही होईल.

बांधताना खोडाभोवती किमान तीन फूट माती उघडी ठेवा, खोडाला काँक्रीट भिडवले की झाड दमते. पाराची एक बाजू पहिलीच्या मुलांसाठी एक फूट आणि दुसरी मोठ्यांसाठी सव्वा फूट उंच असू द्या. आणि हे करण्याआधी चार दिवस मधल्या सुट्टीत मुले कुठे थांबतात ते नुसते पाहा. ती जिथे आधीच घोळक्याने उभी असतात तिथून पार फार दूर जाऊ नये. काम पावसाळ्याच्या तोंडाशी काढणार असाल तर पहिला पाऊस होऊ द्या, वळचणीच्या पागोळ्या कुठे पडतात ते पाहून खुणेचा खडू ओढा आणि मगच गवंड्याला बोलवा.